हलव्याचा काटा आणि खोक्यातला उजेड

मी साखरेच्या दागिन्यांवर पाणी मारलं.

चुकून सांडलं नाही. धक्का लागून उडालं नाही. इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची फवाऱ्याची बाटली घेतली, नीट नेम धरला आणि मारलं. तीनदा! वर ‘वा!’ असंही म्हणालो.

त्या वेळी माझ्याकडे सांता क्लाराच्या एका कंपनीतली बरी नोकरी होती, इंजिनियरिंगच्या दोन पदव्या होत्या (एक तिकडची, एक इकडची) आणि साखर पाण्यात विरघळते ही माहितीसुद्धा होती. ती ऐन वेळी आठवली नाही, एवढंच.

या सगळ्याचं मूळ सांगलीत आहे. तिथून माझ्या सासूबाईंचं निळं आंतरदेशीय, चुकलो, एअरोग्राम आलं. पत्रात लिहिलं होतं, ‘सुलू, नलिनीताईंच्या सुनेसाठी हलव्याचे दागिने करणार म्हणतेस, पण उगाच हौस करू नकोस. तिकडच्या हवेत हलव्याला काटा येणार नाही. गुळगुळीत गोळ्या होतील आणि लोक हसतील.’

नलिनीकाकू म्हणजे फ्रीमाँटमधल्या आमच्या मागच्या गल्लीतल्या. त्यांच्या मुलाचं नुकतंच लग्न झालेलं, सून मृणाल पुण्याहून आलेली, तिची पहिली संक्रांत. सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने, ‘दागिने माझ्याकडे लागले’ असं केव्हाच सांगून टाकलं होतं. त्यात हे पत्र! तिने ते एकदा वाचलं, घडी घातली, फ्रिजवर चुंबकाने लावलं आणि म्हणाली, “बघतेच.”

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात वेधशाळा होती. तीळ आणि खसखस मंद आचेवर, वर पाकाचा एकेक चमचा, आणि तासन्तास बोटांनी ढवळणं. हीटर बंद. खिडक्या कधी उघड्या, कधी बंद, ते ढग बघून ठरायचं. मी आंघोळ करून दार उघडलं की खालून आरोळी यायची.

“वाफ! वाफ येतेय! बाथरूमचं दार लावा आधी!”

“अगं, पण मी अजून आतच...”

“मग आतच थांबा!”

(बाथरूमच्या वाफेपासून जपलेल्या त्या हलव्यावर पुढे मी थेट पाणी मारलं. हे मी माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून इथे नोंदवून ठेवतो.)

आणि एका दुपारी काटा आला. पांढराशुभ्र, बारीक, टोकदार. सुलभा कढईसमोरून ओरडली, “आला! अहो, आला!” तेव्हा शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून डोकावून विचारून गेला, की मुलगा की मुलगी?

मग तिने हार, मंगळसूत्र, बांगड्या, बाजूबंद, कानातली, सगळं दोऱ्याने गाठी मारमारून ओवलं. आणि मला म्हणाली, “आईला फोटो पाठवायचा. काटा दिसला पाहिजे. एकेक.”

इथे माझा प्रवेश होतो. माझा स्वभाव मुळातच चुळबुळ्या. दर दोन महिन्यांनी मला नवं काहीतरी सुचतं. त्याआधी घरच्या घरी दही लावायचं यंत्र झालं होतं, गॅरेजचं दार आपोआप उघडायचं यंत्र झालं होतं (ते आपोआप बंदही व्हायचं, गाडी अर्धी आत असताना). सध्या फोटोग्राफी सुरू होती. तीन मासिकं लावली होती.

पहिला प्रयत्न म्हणून मी काळ्या साडीवर हार मांडला आणि फ्लॅश मारला. फोटो धुऊन आले. आमची केतकी, वय वर्षं आठ, फोटो उलटा धरून म्हणाली, “बाबा, इज दॅट राइस?”

“हार आहे तो!”

“ओह. इट लुक्स लाइक स्पिल्ड राइस.”

सुलभाने फोटो सुलटा केला आणि म्हणाली, “उलटाच बरा होता.”

पण मला कारण कळलं होतं! समोरून फ्लॅश मारला की पांढऱ्यावर पांढरा झोत, काट्याची सावलीच पडत नाही. उजेड बाजूने यायला हवा, आणि मऊ यायला हवा. मासिकात त्याचा उपायही होता. एक मोठं खोकं घ्या, दोन्ही बाजूंना खिडक्या कापा, खिडक्यांवर पातळ पांढरा कागद लावा आणि बाहेरून दिवे सोडा. आत मऊ उजेडाची खोली तयार!

खोकं शोधायला गॅरेजमध्ये गेलो. आमच्याकडे खोक्यांना तोटा नव्हता. प्रत्येक वस्तूचं खोकं सुलभा ‘इंडियाला जाताना लागेल’ म्हणून ठेवते. मी सगळ्यात भक्कम ते, मायक्रोवेव्हचं, कापलं.

“ते का कापलंत? ते बॅगेच्या वजनात बरोबर बसत होतं!”

“विज्ञानासाठी.”

“विज्ञानाला टीव्हीचं खोकं चाललं नसतं?”

पहिल्यांदा चारही बाजूंना खिडक्या कापल्या. खोकं बसलं. म्हणजे अक्षरशः खाली बसलं. मग चिकटपट्टीने उभं केलं. खिडक्यांना ट्रेसिंग पेपर लावला, अडीचशे वॉटचे दोन दिवे चिमट्याने अडकवले आणि बटण दाबलं. उजेड खरोखर सुंदर होता, पण मिनिटाभरात कागद तपकिरी झाला आणि करपल्याचा वास सुटला. मला दुसरं काहीतरी हवं होतं. पातळ, पांढरं, न जळणारं.

आणि आठवलं. पंचे! माझी आई भारतातून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर माझ्यासाठी पंचे पाठवते. अमेरिकेत अंग पुसायला काही मिळत नाही अशी तिची समजूत आहे. कपाटात चोवीस कोरे पंचे पडून होते. दोन ताणून लावले. आतला उजेड असा पसरला, की सकाळच्या देवघरात शिरल्यासारखं वाटावं. मी सुलभाला बोलावलं. तिने डोकं आत घालून बघितलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या एका यंत्राला म्हणाली, “छान आहे हो.”

त्या तीन शब्दांनी माझा घात केला.

संक्रांत पंचांगात कुठल्याही वारी असो, आमच्याकडे ती शनिवारी येते. त्या शनिवारी चार वाजता काकूंकडे हळदीकुंकू होतं. सुलभा सकाळीच त्यांना मदत करायला निघाली. दागिन्यांचा डबा माझ्यासमोर ठेवला.

“बारापर्यंत फोटो काढा. एकला मी न्यायला येते. हात लावायचा नाही. फुंकर मारायची नाही. श्वास घ्यायचा असला तर...”

“बाहेर जाऊन घेतो.”

“हसण्यावारी नेऊ नका. परत करायला तीन आठवडे नाहीत माझ्याकडे. तीन तास आहेत.”

ती गेली. मी खोक्यात काळं कापड अंथरलं, वर सगळे दागिने मांडले, कॅमेरा तिकाटण्यावर लावला. केतकीला स्टुलावर बसवून तिच्या हातात बटणाची वायर दिली. मग तासभर मी नुसता उजेड मोजला. डावा दिवा पुढे, उजवा मागे, उजवा पुढे, डावा मागे. एकही फोटो काढला नाही. घाईने फोटो काढायला मी काही हौशी नव्हतो!

काटा स्पष्ट दिसत होता. पण मला वाटलं, चमक नाही. मासिकात द्राक्षांचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, वस्तूवर पाण्याचा हलका फवारा मारावा, ती ताजी आणि झळाळती दिसते.

द्राक्षं कुठे आणि हलवा कुठे, हा विचार करायला एक क्षण लागतो. तो मी बाटली शोधण्यात घालवला.

फुस्स.

आणि काय सांगू! प्रत्येक काट्याच्या टोकावर एकेक हिरा! मी म्हणालो, “वा!” त्याच वेळी मागे ‘खट’ झालं.

“केतकी! मी सांगितल्याशिवाय दाबायचं नाही! माझा हात आला ना त्यात! एक फोटो फुकट गेला!”

“इट लुक्ड प्रिटी, बाबा.”

“सुंदर दिसायला मी बाजूला असायला हवा!” असं म्हणून मी आणखी दोनदा फवारा मारला, दिवे जवळ ओढले आणि धडाधड उरलेले तेवीस फोटो काढले. बाराव्या-तेराव्याला मला हार थोडा सरकल्यासारखा वाटला. अठराव्याला बाजूबंदाने बांगडीला मिठी मारली.

“बाबा,” केतकी शांतपणे म्हणाली, “द नेकलेस इज क्रायिंग.”

हाराच्या पदकातून पाकाचा एक थेंब खाली आला. मग दुसरा. बाहेर पाचशे वॉटची धग, आत पाणी, आणि मध्ये साखर. मी उजेडाचं खोकं नाही, भट्टी केली होती! मी दिवे विझवले. पंचा काढून हळूच टिपायला गेलो, तर कानातली पंच्याला चिकटली. ती सोडवायला गेलो, तर माझ्या बोटाला चिकटली. मग सुलभाचं केस वाळवायचं यंत्र आणलं. त्याच्या वाऱ्याने काळ्या कापडाचे बारीक तंतू उडाले आणि नेमके मंगळसूत्रावर जाऊन बसले. मंगळसूत्राला केस आले.

“काहीतरी कर, काहीतरी कर,” असं मी कुणाला तरी म्हणत होतो. ते केतकीने मनावर घेतलं. ती तिच्या नाश्त्याचा डबा घेऊन आली, तांदळाचे फुलवलेले दाणे. रंग पांढरा, आकार जवळपास तोच. आणि हार तर आयताच चिकट होता! आम्ही दोघं एकेक दाणा टक्कल पडलेल्या जागी बसवत होतो, तेवढ्यात दार उघडलं. सुलभा, आणि मागे नलिनीकाकू.

सुलभा खोक्यापाशी आली, हाराकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, मग माझ्या बोटाला लटकणाऱ्या कानातल्याकडे. तिच्या तर्जनीवर पाकाने भाजल्याचा डाग अजून होता. तिने दुसऱ्या हाताने तो झाकला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

काकूंनी हारातला एक दाणा काढून तोंडात टाकला, चावला.

“श्रीकांत, हा मुरमुरा आहे.”

“हो काकू.”

“बरं. सुलभा, वाटायचा हलवा किती आहे तुझ्याकडे?”

“पाऊण डबा. पण तो तिळगुळाबरोबर...”

“बायका तिळगूळ खातील आणि गोड बोलतील. हलवा काढ. एक हार, एक मंगळसूत्र, बस. मी ओवते, तू गाठी मार. श्रीकांत, तू...” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “तू गॅरेजमध्ये बस.”

शेवटी मला सुईत दोरा ओवण्यापुरतं आत घेतलं. हात दोनदा धुऊन, चारदा पुसून (पंच्याने). तीन वाजून पन्नास मिनिटांनी हार झाला. लहानसा होता, पण काळ्या साडीवर असा उठून दिसला, की मृणालने आरशासमोरून हलायचं नाव घेतलं नाही. सुलभाने माझ्याशी मात्र आठवडाभर फक्त केतकीमार्फत बोलणी केली.

आठवड्याने फोटो आले. तेवीसच्या तेवीस अप्रतिम! मऊ उजेड, काळीभोर पार्श्वभूमी, मोत्यासारखे झळकणारे, गोल, गुळगुळीत दाणे. काट्याचा मागमूस नाही. सासूबाईंनी पत्रात वर्तवलं होतं तंतोतंत तसं! पुरावा म्हणून याहून चांगले फोटो त्यांना स्वतःलाही काढता आले नसते.

“हे पाठवू आईला?” सुलभाने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

तेव्हा केतकीने पाकिटातून चोविसावा काढला. तो फुकट गेलेला. हार, बांगड्या, बाजूबंद, आणि प्रत्येक दाण्यावर सुईसारखा काटा. एकेक मोजून घ्यावा. कोपऱ्यात माझा अर्धा चेहरा, आ वासलेला, आणि हातात फवाऱ्याची बाटली. पाण्याचे थेंब अजून हवेतच होते.

सुलभा फोटो खिडकीपाशी नेऊन काटे मोजायला लागली आणि मध्येच अशी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं.

“कोपरा कापून पाठवूया का?” मी सुचवलं.

“आता काही कापायचं नाही,” ती म्हणाली. “आहे तस्सा जाणार.”

तीन आठवड्यांनी सांगलीचं उत्तर आलं. सुलभाने ते मोठ्याने वाचलं आणि आधीच्या पत्राच्या जागी फ्रिजवर लावलं. ते कित्येक वर्षं तिथेच होतं.

‘चि. सुलू, काटा पाहिला. मी हरले. तिकडची हवा हलव्याला मानवते, हे कबूल. जावईबापूंना मात्र मानवलेली दिसत नाही.’