चंदीगडचं धुकं आणि माझं अध्यक्षीय भाषण

पंजाबात अतिरेक्यांचा धुमाकूळ चालू असताना या दिवसांत चंदीगडला जाऊ नये, असं मला सगळ्यांनी बजावलं. बायकोने तर विचारलं, "ते पंजाबात की हरियाणात, हे तरी ठरलंय का?" तरी निघालो, कारण तिथल्या मराठी मंडळींनी मला एका व्याख्यानाचा अध्यक्ष केलं होतं. अध्यक्षपदासाठी आमच्यासारखी माणसं याहून वाईट ठिकाणी गेलेली आहेत.

व्याख्याती माझी भाची, मृणाल. तिथल्या विद्यापीठात विश्वाच्या आरंभावर संशोधन करते.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून अंबाल्यापर्यंत रेल्वे, पुढे बस. बस उजेडीच धरा, अंधार पडला की मिळत नाही. जानेवारीत धुकं असं, की दिव्यांचा उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. ड्रायव्हर खिडकी उघडी ठेवून पुढच्या ट्रकचा हॉर्न ऐकत गाडी हाकतो, तेव्हा स्वेटर दोन घ्या. नाक्यावर सगळ्यांना उतरवून सामान तपासतात. माझ्या डब्यातल्या चकल्या बघून शिपाई म्हणाला, "ये क्या है, बाबूजी?" म्हटलं, "खाके देखो." त्याने खाल्ली, बंदूक दुसऱ्या हातात घेतली आणि आणखी एक उचलली.

ताईचे यजमान, म्हणजे मृणालचे वडील, कर्नल आहेत. जूनमध्ये त्यांची पुण्याला बदली आहे आणि मृणालला संशोधनासाठी मागे राहायचंय. मक्याची रोटी आणि सरसोंचा साग पुढ्यात असताना तोच विषय निघाला.

"रोज पेपर वाचतेस ना?" भाऊजी तिला म्हणाले. "इथे तुला एकटीला ठेवायचं तर कारण तसंच हवं. रविवारी व्याख्यानात बोल. पटलं तर राहा."

हात धुताना मृणालने मला गाठलं. "मामा, अध्यक्षांची पाचच मिनिटं. पक्का?"

"पक्का."

शनिवारी विधानसभा-हायकोर्टाचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स बघितलं, म्हणजे वाळूच्या पोत्यांपलीकडून दिसलं तेवढं. बाहेर गाडीवर छोले-कुलचे मात्र स्वस्त आणि झकास.

रविवारी सभागृह भरलं होतं. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना घरी पोहोचायचं होतं, म्हणून कार्यक्रम दुपारीच ठेवलेला. मी उठलो. शब्द हा आकाशाचा गुण, हे आमच्या पाठशाळेत पोरंही घोकत, असं म्हणालो, टाळ्या पडल्या. तिथेच बसायला हवं होतं. पण टाळी हा आमच्या जातकुळीचा जुना रोग. मी नादब्रह्मावर गेलो, तिथून ओंकारावर, मग आपल्या पूर्वजांना सगळंच कसं आधी ठाऊक होतं त्यावर. मृणाल पहिल्या रांगेतून मनगटावरचं घड्याळ दाखवत होती. मला वाटलं, बांगडी सारखी करतेय.

ती बोलायला उभी राहिली तेव्हा खिडक्या पिवळ्या झाल्या होत्या. अडखळत्या मराठीत तिने सांगितलं, की आरंभी विश्व इतकं दाट आणि तापलेलं होतं की प्रकाश त्यात अडकून पडला, या रस्त्यावरच्या धुक्यात अडकतो तसा. तो सुटला काही लाख वर्षांनी. "म्हणून त्याच्या आधीचं काहीच दिसत नाही—"

"मॅडमजी, ताला लगाना है," चौकीदार म्हणाला. खुर्च्या सरकल्या.

जीपमध्ये भाऊजी म्हणाले, "तुमचं भाषण उत्तम झालं हो. हिला तर काही दिसतच नाही म्हणते. मग राहायचं कशासाठी?"

 तिची वेळ मीच खाल्ली, हे सांगायचं धाडस होईना; मी बाहेरचं धुकं बघू लागलो.

सकाळी मला बसवर सोडायला तीच आली. म्हटलं, "घरी सांग ना त्यांना उरलेलं."

"घरी मी मुलगी असते, मामा. हॉलमध्ये ते चूप बसून ऐकतात."

मग धुक्यात उभी राहून तिने ते मला सांगितलं. प्रचंड वस्तुमान हललं की अवकाशालाच थरथर सुटते. त्या गुरुत्वलहरींना दाट धुकं अडवू शकत नाही. आरंभीच्या लहरी अजूनही येत असणार, पण इतक्या क्षीण की आजवर कुणाला सापडलेल्या नाहीत. सापडल्या, तर जिथे प्रकाश पोहोचत नाही त्या पहिल्या क्षणाची खबर मिळेल. "तुमचा बसड्रायव्हर, यार," ती म्हणाली, "त्याला तरी कुठे दिसत होतं?"

घरी बायकोने विचारलं, "कसं झालं?"

"टाळ्या पडल्या," म्हणालो आणि मान खाली घालून बॅग उपसायला लागलो.

भाऊजी, माझं छापून आलेलं तुम्ही नाक मुरडत का होईना, वाचता. तिचं भाषण 'दिसत नाही' इथून सुरू होणार होतं. जून अजून लांब आहे. तिला पुन्हा एकदा बोलायला उभी करा. अध्यक्ष नेमू नका.