वगराळ्यावरचं नाव

भोरच्या बाजारपेठेत गाडी लावायचा नियम साधा आहे. सम तारखेला देवळाच्या बाजूला, विषम तारखेला सराफांच्या बाजूला. तसा फलकही आहे. फक्त तो दिसत नाही, कारण त्याच्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. एकाचा काढला की दुसऱ्याचा वाढदिवस येतो. वर्षात दिवस किती आणि या गावात वाढदिवस किती, याचा मेळ अजून कोणाला बसलेला नाही.

त्या फलकाखाली रखमाजी पारठे उभा असतो. हिर्डोशीचा गडी, नगरपरिषदेत मुकादम. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, काखेत पावतीपुस्तक. झाडणाऱ्या बायकांवर देखरेख हे त्याचं मूळ काम. गाड्यांच्या आणि कचऱ्याच्या पावत्या नंतर गळ्यात पडल्या. का, तर म्हणे याचा आवाज मोठा. मोठा असणारच. वरंध घाटाच्या अंगाला या टेपावरून त्या टेपावर हाक मारत वाढलेला माणूस कुजबुजायला कुठून शिकणार?

त्या मंगळवारी बाजार ऐन भरात होता आणि एस.टी. देवळापाशी अडकून भोंगा वाजवत होती. आडवी आली होती गेनबातात्यांची जीप. गेनबातात्या त्याच्याच गावचे. नाचणीची पोती उतरवून ते जीपच्या सावलीत तंबाखू मळत बसले होते.

"तात्या, गाडी पलीकडं घ्या. आज विषम हाय."

"कोन म्हनतं? आज द्वादशी. बारा. बारा सम का विषम, साळंत गेलतास का न्हाई तू?"

"तिथी न्हाई तात्या, तारीख. तेरा तारीख हाय."

"तारीख सरकारची, तिथी देवाची. आन गाडी देवळाकडं लावलीया. आता बोल."

भोवतालचे हसले. एस.टी.चा ड्रायव्हर मात्र हसला नाही, त्याने भोंग्यावर हात ठेवला तो ठेवलाच. रखमाजीने पावतीपुस्तक उघडलं.

"नाव सांगा."

"आरं, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात म्या. मलाच नाव इचारतो व्हय?"

"पावतीवर नाव लिवायचं असतं तात्या, नातं न्हाई."

पावती फाटली, जीप हलली. गावाकडे मात्र निरोप गेला की रखमा माजला. गावाकडचे म्हणतात माजला, भोरचे म्हणतात याला गावाकडचेच चालतात. दोन्हीकडून ऐकून घ्यायचं आणि वर उन्हात उभं राहायचं. नियमाचा वाली एकटा, आणि नियमातून सूट मागणारं सगळं गाव.

पण गाड्यांचं एक वेळ परवडलं. गाडी जागेवर तरी असते, मालक ओरडत का होईना, येतो. कचऱ्याला मालकच नसतो. लग्नसराई लागली की नीरेच्या काठाला, पुलाच्या खालच्या अंगाला, रात्रीतून पोती येऊन पडत. पत्रावळी, द्रोण, प्लास्टिकचे ग्लास, आंबलेला वरणभात. दुपारपर्यंत वास पुलावर चढे आणि जाणारे-येणारे नाकाला रुमाल लावून नगरपरिषदेच्या नावाने बोटं मोडत. 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी होती. लोक ती नीट वाचत आणि मगच टाकत.

सगळ्यांना ठाऊक होतं की ही पोती हनुमंत केटररच्या टेम्पोतून येतात. हनुमंतशेठ म्हणजे लग्नाच्या जेवणात नाव कमावलेला, गोड बोलणारा माणूस. चहाच्या टपरीवर रखमाजीने त्याला गाठलं, तेव्हा त्याने आधी चहा पुढे केला.

"माझीच पोती कशावरनं, मुकादम? कचऱ्याला काय आधारकार्ड असतंय का?"

"समद्या गावाला म्हाईत हाय."

"गावाला काय, गावाला पुष्कळ माहीत असतं. तुम्ही नाव दाखवा, मी उभ्या उभ्या पावती घेतो."

रखमाजीचं डोकं फिरलं. "दावतो. कचऱ्यात ज्याचं नाव घावंल त्याच्या नावानं पावती फाडतो. मग त्यो माझा बाप का असंना."

"ऐकलं ना सगळ्यांनी?" हनुमंत टपरीवरच्या लोकांना म्हणाला. "मुकादमांचा शब्द आहे."

आता हा शब्द खाली पडला असता, तर बाजारपेठेत त्याच्या शिट्टीवर कोणी सायकलसुद्धा हलवली नसती. रखमाजीला हे पक्कं कळत होतं, आणि हनुमंताला त्याहून पक्कं.

पुढच्या लग्नानंतर सकाळी नदीकाठाला नवी पोती हजर. रखमाजीने काठी घेतली आणि एकेक पोतं उकलायला लागला. झाडणारी ठकुबाई पदर नाकाला लावून बघत उभी राहिली.

"मुकादम, सोन्याचा हार हरवलाय का कुनाचा?"

"गप ऱ्हा. पोतं धर."

कागद सगळे भिजून लगदा झालेले. नाव सोडा, अक्षरही शिल्लक नाही. तो वैतागून काठी फेकणार, तेवढ्यात भाताच्या गोळ्यात काहीतरी खणकलं. स्टीलचं वगराळं. वरण वाढायचं, लांब दांड्याचं. वाळलेल्या वरणाने बरबटलेलं. त्याने दांड्यावरून अंगठा फिरवला आणि ठिपक्याठिपक्यांची अक्षरं हाताला लागली. आपल्याकडे भांड्याला नाव घातल्याशिवाय ते घरात येत नाही. रखमाजीच्या तोंडावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं.

तिथेच नदीवर धुतलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण नाही. त्याला नाव चार लोकांत निघायला पाहिजे होतं. तसंच बरबटलेलं वगराळं तलवारीसारखं धरून तो बाजारपेठेतून चालत गेला, जाताजाता हनुमंताला सांगावा धाडला, आणि नगरपरिषदेच्या आवारातल्या नळापाशी माणसं गोळा होईपर्यंत थांबला.

हनुमंत आला. आरोग्य निरीक्षक मालिनीबाई बाहेर आल्या. रखमाजीने नळ सोडला, नारळाच्या काथ्याने दांडा घासला आणि न बघता मॅडमच्या हातात दिला.

"तुमीच वाचा, मॅडम. म्या वाचलं तर म्हनतील बनावट हाय."

मालिनीबाईंनी दांडा उजेडाला धरला. एकदा वाचलं. मग रखमाजीकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सौ. अंबूबाई रखमाजी पारठे, हिर्डोशी."

आधी कोणाला समजलंच नाही. मग ठकुबाईच फिसकन हसली आणि पाठोपाठ सगळं आवार.

"मुकादम, दंड रोख भरणार का ऑनलाइन?" हनुमंताने अगदी मायेने विचारलं.

रखमाजीच्या डोक्यात उजेड पडला, पण उशिरा. गेल्या उन्हाळ्यात स्वस्त पडतात म्हणून त्याने वगराळी एकगठ्ठा घेतली होती आणि लग्नालग्नांत आहेर म्हणून दिली होती. त्यातलंच एक हनुमंताच्या मुलाच्या, सोमनाथच्या लग्नात. भांड्यावर नाव घालणारा अक्षरागणिक पैसे घेतो. अंबूबाई म्हणाली होती, ज्याला द्यायचं त्याचंबी नाव घाला, पद्धत असती. यावर रखमाजीने तिला शहाणपण शिकवलं होतं, "घेनाऱ्याचं नाव कशापायी? नाव देनाऱ्याचं दिसलं पायजे." आता दिसत होतं. लख्ख.

"ह्ये तुमच्या सोमनाथच्या लग्नात दिल्यालं हाय," तो म्हणाला.

"असेल. नसेलही. तुमची वगराळी घरोघर आहेत मुकादम. त्यातलं हे कोणाचं, ते सांगा की."

मालिनीबाईंनी मध्ये तोंड घातलं. "पारठे, कचरा तुमचा नाही हे मला कळतंय. सोडून द्या."

"नाव कुनाचं हाय, मॅडम?"

"नाव तुमच्या घरचं आहे, पण—"

"मंग झालं."

त्याने पेन काढलं, स्वतःच्या नावाची पावती लिहिली, खिशात हात घालून दंड मॅडमच्या टेबलावर ठेवला. हसणारे गप्प झाले, पण ते कौतुकाने नव्हे. इतका येडा माणूस त्यांनी जवळून बघितला नव्हता.

भोरमधल्या बिऱ्हाडी येऊन त्याने वगराळं ओट्यावर आपटलं आणि घडलं ते सांगितलं. अंबूबाईने दंडाचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वगराळं उचलून ती दांड्यावरून बोट फिरवत राहिली.

"अवो, ह्ये उकिरड्यात घावलं?"

"तेच सांगतोय की मगाधरनं."

"माजा आहेर उकिरड्यात?"

तिने पायात चपला सरकवल्या. रखमाजी म्हणाला, आगं थांब, पुरावा न्हाई आपल्यापाशी. पुरावा गेला खड्ड्यात, असं काहीतरी बोलत ती गल्लीच्या टोकाला पोचलीसुद्धा. तो पावतीपुस्तक काखेत मारून मागे धावला.

हनुमंताची आई धोंडाबाई दारात गहू निवडत बसली होती. अंबूबाईने वगराळं तिच्या सुपाशेजारी ठेवलं.

"धोंडाक्का, आमचं भांडं जड झालं आसंल तर माघारी द्यायचं हुतं. उकिरड्यावर टाकाया आमी काय वंगाळ केलतं? गरिबाचा आहेर म्हनून?"

धोंडाबाईच्या हातातलं सूप कलंडलं. आहेराचं भांडं टाकलं असं जर भावकीत पसरलं, तर उद्या तिच्या दारात कोणी हळदकुंकवालाही आलं नसतं.

"आगं माझे बाय, टाकंल कोन? ह्ये तर सोमनाथच्या लग्नातलं. डब्यात निराळं ठिवलंवतं म्या. काल ह्या हनुमंतानं इचारलं न्हाई का पुसलं न्हाई, न्येलं वरान वाढाया. तवापासनं हुडकतीया. टेम्पोवाल्याला इचारलं तर त्यो म्हनला, आजी, खरकट्यासंगं नदीला गेलं आसंल."

दाराच्या आत चहाची बशी तोंडाशी धरून हनुमंत उभा होता. बशी तोंडाशीच राहिली.

रखमाजीने पावतीपुस्तक उघडलं. त्याला खूप काही बोलायचं होतं, वाटेत जुळवूनही ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं ते रोजचंच.

"नाव सांगा."

हनुमंत आईकडे बघत राहिला. धोंडाबाईच म्हणाली, "लिव की. हनुमंत लिव. आन खाली माजंबी लिव, आसलं कारटं जल्माला घातलं म्हनून."

दुसऱ्या दिवशी हनुमंताच्याच टेम्पोने नदीकाठची पोती उचलली. मालिनीबाई म्हणाल्या, पारठे, तुमची ती पावती रद्द करून घेऊ. रखमाजीने नकाराची मान हलवली. फाडलेली पावती जोडायची नसते, नाहीतर उद्या गेनबातात्या पहिले येतील. पुढच्या लग्नाची पोती नदीवर आली नाहीत. कामथडीच्या अलीकडे ओढ्यात कोणीतरी टाकली असं कानावर आलं. ओढा नगरपरिषदेच्या हद्दीत येत नाही. हे ऐकून रखमाजीने काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मंगळवार पुन्हा आला. गेनबातात्यांची जीप पुन्हा चुकीच्या बाजूला.

"रखमा, तुलाबी पावती झाली म्हनं. कंच्या तिथीला?"

"गाडी काढा, तात्या."

"काढतो. पन आज सम का विषम त्ये दाव फलकावर."

रखमाजीने वर बघितलं. फलक दिसत नव्हता. त्याच्यावर नवाकोरा फ्लेक्स होता आणि त्यातून हनुमंतशेठ हात जोडून हसत होता. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. खाली शुभेच्छुकांची लांबलचक उतरंड, आणि सगळ्यात तळाला, बारीक अक्षरांत, 'रखमाजी पारठे, मुकादम'.

गेनबातात्यांना वाचता येत होतं. ठकुबाईलाही येत होतं. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

रखमाजीने शिडी मागवली आणि पावतीपुस्तकाचं नवं पान उलटलं.

"मुकादम," ठकुबाई झाडूवर रेलून म्हणाली, "ज्याचं नाव त्याची पावती ना? मंग खालनं सुरू करायची का वरनं?"

"वरनं," रखमाजी म्हणाला. "या खेपंला वरनं."