सवलत मिळालेले रेडिओकाका

सलूनवाल्या काकांना गल्लीत सगळे रेडिओकाका म्हणत. गालांवर साबण फासला की गिऱ्हाईक तोंड उघडू शकत नाही, आणि गळ्याशी वस्तरा असताना मतभेद कोण दाखवणार! अशा बांधून बसवलेल्या श्रोत्यांपुढे काकांनी तीस वर्षं राजकारण, हवामान आणि शेजाऱ्यांच्या लग्नांवर बिनविरोध व्याख्यानं झोडली.

मग साथ आली आणि सलूनला कुलूप लागलं. बायको केव्हाच गेलेली, लेक दूरच्या शहरात. काका आरशासमोर बसून बोलून पाहत, पण आरशातला माणूस एका शब्दाला 'हं' म्हणेल तर शपथ!

त्यात डोक्यावर कर्ज. आदल्याच वर्षी एका मोठ्या बँकेकडून पैसे उचलून काकांनी दोन झोकदार खुर्च्या घेतल्या होत्या. हप्ते थकले की बँक त्या उचलून नेणार, आणि खुर्च्या गेल्या की सलूनही गेलं. अडचणीतल्या गिऱ्हाइकांना तीन महिने सवलत, असं बँकेनं जाहीर केलं होतं. फक्त फोन करायचा.

काकांनी केला. पलीकडे एक गोड, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज सुरू झाला तो थांबेचना. हे दाबा, ते दाबा, थांबा, आभारी आहोत. मध्ये तोंड घालायला फट नाही. आपल्या गिऱ्हाइकांनी इतकी वर्षं काय सोसलं, ते काकांना त्या दिवशी कळलं.

आठवडाभर चिकाटी धरल्यावर एकदाची जिवंत मुलगी लाभली.

"काका, तुम्ही अडचणीत नाही आहात."

"असं कोण म्हणतं?"

"सिस्टीम म्हणते. तुमचे हप्ते वेळेवर येतायत."

"अगं, येतायत म्हणजे? कपाट विकून भरतोय मी! अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक उठवायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. हप्त्यालाही तोच लावला."

"हप्ता चुकल्याशिवाय सवलतीचा अर्ज उघडतच नाही, काका."

"म्हणजे चुकवू?"

"असं मी सांगू शकत नाही. कॉल रेकॉर्ड होतोय."

"बरं, मग सांगू नकोस. नुसती खोक."

पलीकडून एक लहानसा खोकला आला.

काकांनी जन्मात पहिल्यांदा पैसे बुडवले. चोरी केल्यासारखे दोन दिवस घरात दबकून वावरले. तिसऱ्या दिवशी फोन खणखणला. वसुलीवाला होता.

"हप्ता कधी भरताय?" तो गुरकावला.

"भरतो रे. पण तुझा घसा किती बसलाय! सकाळपासून ओरडतोयस का? घरी कोण कोण असतं तुझ्या?"

त्यानंतर फोन रोज येऊ लागले, सकाळ-संध्याकाळ. काका भांग पाडून, एप्रन चढवून, खुर्चीत बसून वाट पाहू लागले. एकानं धमकी दिली, त्याला काकांनी केसगळतीवर उपाय सांगितला. दुसरा काकुळतीला आला, "काका, मला अजून पुष्कळ लोकांना दम द्यायचाय!"

"दे की. पण हा किस्सा तर पुरा होऊ दे."

महिनाअखेरीला त्या मुलीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"काका, अर्ज उघडला, मी भरला, सवलत मंजूर! खुर्च्यांना कोणी हात लावणार नाही. आणि वसुलीचे फोनही आजपासून बंद. कोणी त्रास देणार नाही."

"अगं, त्रास कसला," काका घाईनं म्हणाले. "चांगली मुलं आहेत. तो घसा बसलेला आहे ना, त्याला म्हणावं, सहज म्हणून…"

"तसं करता येत नाही, काका. खातं त्यांच्या यादीतून निघालं. ठेवते हं, पुढचा कॉल आलाय."

खुर्च्या वाचल्या, ही बातमी कोणाला तरी सांगायलाच हवी होती. काकांनी लेकीला फोन लावला. तिचा फोन दुसऱ्या कॉलवर होता. त्यांनी थोडं थांबून पुन्हा लावला.