मोहाची घट

आमगावच्या आमच्या दुकानात धंद्याचा पहिला शब्द मी शिकले तो 'घट'. नवरात्रात बसतो तो घट नव्हे. बाबा धान, लाखोळीची डाळ आणि मोहफुलं विकत घ्यायचे. माल तराजूवर चढला, वजन सांगून झालं की बाबा अगदी सहज म्हणायचे, "घट दोन किलो." म्हणजे माल पुढे वाळणार, वजनाला उतरणार, म्हणून आधीच दोन किलो कमी धरायचे. विकणारा नुसती मान खाली घालायचा. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. माल खरंच वाळतो का, हे मी कधी पाहिलं नाही. विकणाऱ्यांचे चेहरे मात्र रोज पाहिले. त्यामुळे घट म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांदेखत केलेली चोरी, असाच अर्थ माझ्या डोक्यात बसला.

पुढे मी एका संस्थेत कामाला लागले. सालेकसा तालुक्यात जंगलाकडच्या गावांत बायकांचे बचत गट बांधायचे. अशाच एका गावात मी सल्ला दिला, की मोह वेचला की लगेच ज्याने त्याने विकू नका. सगळ्या मिळून साठवा आणि पावसाच्या तोंडावर एकदम विका. बायकांना पटलं. साठवायला खोली दिली गटातल्या सगळ्यात वयस्क बाईने. ती गोंड होती, एकटी राहायची, बोलायची कमी. सगळ्या तिला मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. तिच्या घराला लागूनच ती खोली होती, मातीच्या भिंती आणि वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. एप्रिलमध्ये चाळीस-चाळीस किलोची वीस पोती भरून, शिवून आत रचली. कुलूप मी लावलं आणि चाबी माझ्या पर्समध्ये टाकली. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मेच्या शेवटी व्यापारी गाडी घेऊन आला. पहिलं पोतं काट्यावर ठेवलं. छत्तीस किलो. दुसरं साडेपस्तीस. तिसरं पुन्हा छत्तीस.

"मॅडम, घट आली," तो म्हणाला. "मोह सुखला ना."

"घट मला शिकवू नका," मी म्हटलं. "मी दुकानदाराची पोरगी आहे."

त्याचा काटा मला पटेना. स्टेशनपासून गावात यायला संस्थेने दिलेली स्कूटी काढून मी शेजारच्या गावातल्या गिरणीवर गेले आणि तिथला काटा मागून आणला. व्यापारी बिडी ओढत सावलीत बसून राहिला, एका शब्दानेही अडवलं नाही. मला तोच त्याचा डाव वाटला. पण गिरणीच्या काट्यानेही छत्तीसच दाखवले.

काटा खरा असेल तर माल गेला कुठे? कुलूप जसंच्या तसं होतं. पोत्यांची शिवण शाबूत होती, पण शिवण काय, उसवून पुन्हा घालता येते. मी मोबाइलचा टॉर्च लावून खोलीत शिरले. कोपऱ्यात वर पाहिलं तर दोन कवेलू बाकीच्यांपेक्षा लाल, नवे कोरे.

"मावशी, हे कवेलू कधी बदलले?"

"माकडं नाचले वरतं. जावयानं बदलून देल्ले."

"जावई आले होते? कशाने?"

"गाडीनं. मोटरसायकलनं."

मोटरसायकलवर एक पोतं सहज बसतं. वीस पोत्यांतून थोडं थोडं काढलं तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. माझ्या डोक्यात सगळं भराभर जुळत गेलं. गटातली एक तरुण बाई हळूच म्हणाली, "मॅडम, जाऊ द्या ना." तिला काहीतरी माहीत आहे आणि ती दबली आहे, असं मला वाटलं. बाकीच्या गप्प होत्या. त्यांच्या गप्प राहण्याचाही मी तोच अर्थ लावला.

"मावशी, तुमच्या घरात जरा बघू का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दारातून बाजूला झाली. चुलीच्या मागे सुपाने झाकलेलं एक मोठं मडकं होतं. मी हात लावायच्या आतच तिने ते उचललं आणि माझ्या पायांपाशी पालथं केलं. जमिनीवर मोहफुलांचा ढीग झाला.

"माह्या झाडाचा हाये," ती म्हणाली. "मोजून घे."

मी मोजला नाही. पण वाकून मूठभर उचलला आणि त्याचा रंग पोत्यातल्या मोहाशी ताडून पाहिला. दारात दहा बायका उभ्या होत्या. रंग सारखाच होता. वाळलेला मोह सगळीकडे सारखाच दिसतो, हे तेव्हा मला सुचलं नाही.

व्यापाऱ्याला मी परत पाठवलं आणि संध्याकाळच्या रेल्वेगाडीने आमगावला घरी आले. बाबा चहा घेत बसले होते. आता दुकान भाऊ बघतो. मी सगळं सांगितलं. जावई, कवेलू, मडकं, सगळं. बाबांनी कप खाली ठेवला.

"अगं, मोहाले घट येतेच," ते म्हणाले.

"तुमचं ते दोन किलोचं माहीत आहे मला."

त्यांनी बशी कपाखाली सरकवली. मग म्हणाले, "शब्द खराच हाये. आम्ही त्याच्यात थोडं आपल्या मनचं टाकलं, ते वेगळं."

मला ते पटलं नाही. बाबा आपल्या जुन्या धंद्याची बाजू घेताहेत, असंच वाटलं. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "तू आणलेला मोह तसाच पडला आहे, त्याचं काय करायचं ते कर बाई एकदा." पोती भरली तेव्हा, एप्रिलमध्येच, त्याच मोहातला पाच किलो मी आईसाठी विकत आणला होता. तोंड शिवलेल्या तागाच्या पिशवीत. तो मागच्या खोलीत खुंटीला टांगलेला होता, कोणी हातही लावला नव्हता. मी पिशवी काढली आणि दुकानाच्या काट्यावर ठेवली. साडेचार किलो. मी पुन्हा ठेवली. पुन्हा तेवढेच.

पाचावर अर्धा. चाळीसावर चार. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, त्यांनी पेपर उघडला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गाडीने गेले. मावशी अंगणात बसून पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत होती. मी समोर बसले.

"मावशी, चूक झाली माझी. मोह वाळून हलका होतो, हे मला ठाऊक नव्हतं."

"मले ठाव हाये," ती म्हणाली. "लेकरालेई समजते ते."

"मग काल बोलल्या काऊन नाही?"

तिने काडी दाताने तोडली. "तू मले घट पुसली कुठं? तू तं कवेलू पाहून राहिली व्हती."

त्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. जन्मभर मोह वेचणाऱ्या बायका त्या. एकीने "जाऊ द्या" म्हटलं ते चोरी झाकायला नव्हे, मला आवरायला, हेही आता कळलं. व्यापाऱ्याला मी स्वतः फोन करून बोलावलं आणि माल त्याच्याच काट्यावर गेला. तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार.

पुढच्या वर्षी मावशी खोली देईल असं वाटलं नव्हतं. पण तिने दिली. फक्त कुलूप तिचं होतं आणि चाबी तिच्या कमरेच्या दोऱ्याला. मला पोती पाहायची असली की तिच्याकडे मागावी लागायची. ती हातातलं काम संपवूनच उठायची.

त्या वर्षी वजन केलं तर एका पोत्याला पाच-पाच किलो कमी भरले. मागच्या सालापेक्षा एक किलो जास्त. माझी नजर आपोआप छपराकडे गेली. ती मी खाली आणली आणि विचारलं, "मावशी, या वर्षी घट जास्त काऊन आली?"

"भरला तवा वला व्हता. वेचून राहिलो तं दोन दिस अभाळ व्हतं, बरोबर वाळलाच नाई."

मी मान हलवली. बायकांनी पोती गाडीत चढवली. आणि मी सालेकसा स्टेशनच्या बाकावर बसून, मोह वेचायच्या त्या दिवसांत खरंच आभाळ आलं होतं का, हे आठवत बसले. आलं होतं. त्यातल्या दुसऱ्या दिवशी पाऊस येईल म्हणून नेलेली माझी छत्री रेल्वेतच राहिली होती. ते आठवल्यावरच मला बरं वाटलं, आणि त्याचीच मग लाजही वाटली.