शिवरामचा गणपती आणि बँकेची तारीख

विनिताताई आमच्या शेजारी, कल्याणला भाड्याच्या घरात राहतात. पूर्वी घोडबंदर रोडला त्यांचा स्वतःचा फ्लॅट होता. नवऱ्याने हप्ते थकवले आणि बायकोला कळू दिलं नाही. भाजीची पिशवी घेऊन घरी आल्या, तेव्हा दारावर चिकटवलेल्या बँकेच्या नोटिशीवरून त्यांना ते समजलं. नवरा पुढे वारला. तेव्हापासून ज्याचं घर बँक घ्यायला निघालीय, त्याच्याबरोबर त्या बँकेत जाऊन बसतात. पैसे घेत नाहीत. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, असं मी त्यांना तोंडावर सांगते. त्या म्हणतात, "हो गं, कंटाळलेय मी," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतात.

माणसंही एकेक नमुने असतात. बँकेचं पत्र आलं की पोस्टमनला "मालक गावी गेलेत" म्हणून परत पाठवायचं. पत्र घेतलं नाही म्हणजे कर्ज पण आलं नाही, असा सगळा हिशोब. शहाडचा शिवराम परब त्यातलाच. कंपनी बंद पडली, हप्ते तुंबले. मंजुळा, त्याची बायको, रडत ताईंकडे आली. ताईंनी बँकेच्या साहेबांच्या मिनतवाऱ्या करून मार्ग काढला: मुदत वाढवायची, हप्ता कमी करायचा. फक्त घर दोघांच्या नावावर, म्हणून दोघांनी समोर येऊन सह्या करायच्या. पहिल्या तारखेला शिवराम लाजेने गेलाच नाही. साहेबांनी दुसरी दिली आणि बजावलं, आता नाही आलात तर घराला कुलूप लागेल. ती तारीख नेमकी गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची निघाली.

"मी गावाला चाललोय," शिवराम ताईंच्या घरात बसून म्हणाला. "बाप्पा वर्षातून एकदा येतो. साहेब काय, रोजच बसलेला असतो."

"अरे, साहेब थांबणार नाही. बाप्पा समजून घेईल," ताई म्हणाल्या.

"बाप्पा घेईल हो. गाव घेणार नाही. थोरला मुलगा आला नाही म्हटल्यावर आई विचारणार, का? काय सांगू? आईला यातलं काही कळता कामा नये."

तिकीट काढलेलं होतं, पेढे घेतलेले होते. मला तर त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ताईंनी मंजुळाकडे पाहिलं. तो बाहेर गेल्यावर मंजुळाने मुकाट्याने सासूचा नंबर दिला.

ताईंनी शिवरामच्या आईला, गंगुबाईंना, फोनवर सगळं सांगितलं. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आपल्या मालवणीत म्हणाली, "गणपती घरचोच आसा, बाय. शेजारचो धोंडीबा पूजा करीत. माझ्या झिलाक सांग, हंय येव नको. आधी घर राख." आणि तिने स्वतः मुलाला फोन केला. मुलाला काय बोलली ते कुणालाच कळलं नाही. शिवराम गावाला गेला नाही.

ठरल्या दिवशी दोघांनी सह्या केल्या. हप्ता कमी झाला, घर वाचलं. मीही गेले होते, ताईंच्या पायाला सूज होती म्हणून. पायऱ्या उतरताना मंजुळाने ताईंचे हात धरले आणि सोडलेच नाहीत. शिवराम बाजूला, रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

"आईला सांगायला नको होतं," तो म्हणाला.

"घर गेलं असतं रे."

"गेलं असतं तर गेलं असतं. काल आईने विचारलं, पोरा, जेवतोस ना? ती रोज विचारते. काल मात्र खरंच विचारत होती."