जिवाणूवाल्याचं पोट

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. न्हाय तर हसताना नाकातून येईल! माझी अशी फजिती झाली की आठवलं तरी अजून कान गरम होतात.

जळकोटला माझं खता-बियाण्याचं दुकान. सोयाबीनच्या बियाण्याला लावायचं जिवाणूंचं कल्चर मी विकतो. ते लावलं की मुळांना गाठी धरतात, पीक जोमात येतं. कसं लावायचं ते मीच सगळ्यांना समजावतो. बोलायची लई हौस!

तर ऐन पेरणीच्या तोंडावर माझी दाढ सुजली. डॉक्टरनं अँटिबायोटिक दिलं. दाढ बसली अन् पोट उठलं! जुलाब असे की तांब्या हातातून सुटंना. परत गेलो.

डॉक्टर म्हणाले, "कोर्स मध्येच सोडू नका. पण त्यानं वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगले जिवाणूही मेलेत. त्यांची ही कॅप्सूल घ्या. फक्त घेताना..."

"चांगले? ते तिथं काय करतात?" मला राहवतंय व्हय!

"अन्न पचवतात, आजाराशी लढायला मदत करतात. आपला मूडसुद्धा थोडाफार त्यांच्या हातात असतो म्हणतात."

मी थक्क! माझ्या पोटात एवढी वस्ती, अन् घरमालकालाच पत्ता न्हाय? डॉक्टर पुढं कॅप्सूल कशी घ्यायची ते सांगायला लागले, तर मी हात वर केला. "साहेब, जिवाणूंचं मला नका शिकवू. माझा धंदाच हाय त्यो!"

घरी येऊन बायकोला म्हणालो, "बघ, मी चिडतो ना, ते मी न्हाय. जिवाणू चिडतात."

"अगं बया! म्हंजी इतकी वर्सं म्या जिवाणूंसंगं संसार केला?"

कॅप्सूल चालू, तरी पोट काय थांबंना. डॉक्टरलाच काही कळत न्हाय, असं मी गावभर सांगत सुटलो.

अशात शेजारच्या माकणी गावची बैठक आली. अख्खं गाव मिळून बियाणं घेणार होतं. माझ्याकडून की दुसऱ्याकडून, ते त्याच दिवशी ठरणार. सगळा हंगामच त्याच्यावर! पोट आवळून धरलं अन् गेलो.

मांडव भरलेला बघून मी सुटलोच. "कल्चर म्हंजी जिवंत जीव! बुरशीचं औषध अन् कल्चर एकदम लावायचं का?"

"न्हाय!"

"गरम गुळपाण्यात कालवायचं का?"

"न्हाय!"

"का?"

"मरतंय!" सगळा मांडव एका आवाजात ओरडला. काय भारी वाटलं सांगू!

तेवढ्यात वाफाळता चहा आला. माझी गोळ्यांची वेळ झालेली. पाकीट गाडीत काचेपाशी होतं, उन्हानं असं तापलेलं की बोटं भाजली. अँटिबायोटिक अन् कॅप्सूल एकदमच तोंडात टाकली, वरून चहाचा घोट घेतला.

पुढं बसलेल्या सुमनकाकूंनी काळजीनं विचारलं, "भाऊ, कसल्या गोळ्या वो?"

"एक जंतू मारायची, काकू. अन् एक पोटात जिवाणू सोडायची."

"दोन्ही संगंच?"

"व्हय, रोज. अशाच गरम चहाबरोबर..."

अन् मी थांबलो. माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं होतं. पण गावाच्याही पडलं होतं ना!

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मरतंय."

जो हशा उठला म्हणता! मला तर हसायचीही सोय न्हाय, पोटात कळ आलेली. "संडास कुठंय?" एवढंच माईकवर विचारलं अन् पळालो.

परत आलो तर मांडव निम्मा रिकामा. गेला हंगाम! शरमेनं मान वर होईना. काकू तेवढ्या थांबल्या होत्या.

"काकू, बियाण्याचं काय ठरलं?"

"तुमच्याकडूनच घ्यायचं ठरलं की! आज तुमी असं समजावलंय, आता जल्मात कुणी चुकायचं न्हाय. फकस्त एक करा, भाऊ."

माझा जीव भांड्यात पडला. "बोला की, काकू!"

"कल्चर लावायच्या दिवशी तुमी गावात येऊ नका."