वाघोबाच्या खिंडीत बंद पडलेली बग्गी

आधीच सांगतो... भूतखेत, करणी, अंगात येणं, असल्या प्रकारांवर माझा काडीचा विश्वास नाही. सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत लिपिक आहे. सही-शिक्का बघितल्याशिवाय मी कशालाच खरं मानत नाही. पण ही गोष्ट पोटात राहीना. बायको हे पेज वाचत नाही, या भरवशावर लिहितोय.

मुलीचं लग्न जवळपास ठरलं होतं. मुलगा लाखात एक. अडचण एकच — मुलाचे वडील. कल्याणला उभा जन्म विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना सर म्हणतात. मध्यस्थानं बजावलं होतं, "मागचं एक स्थळ सरांनी मुलीच्या आईच्या मनगटातला काळा दोरा बघून मोडलंय. सांभाळा!" झालं. दारावरची लिंबू-मिरची उतरली. माझा ताईत ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गेला. (आईनं बांधलेला होता म्हणून घालायचो. विश्वास वगैरे नाही.)

आमच्या मोखाड्याच्या घरात अजून काय काय टांगलेलं असेल कुणास ठाऊक, म्हणून भेट जव्हारजवळच्या एका फार्म-स्टेवर ठेवली. तिथे बग्गी होती — पाइपांचा सांगाडा, चार जाडजूड टायर, दगडधोंड्यांतून उड्या मारत जाणारी. जेवणं झाली. पाच वाजता बसून साखरपुड्याची तारीख काढायची होती. तेवढ्यात सर म्हणाले, "चला भाऊसाहेब, चक्कर मारू. मीच चालवतो!"

बग्गीवाला किसन, शेजारच्या पाड्यावरचा, पन्नाशीचा गडी. तो सरांच्या शेजारी बसला, मी मागे पाइप धरून. जेवलेलं सगळं गळ्याशी आलं होतं, पण मुलीचा बाप... हसतोय आपला.

पुढे खिंडीच्या तोंडाशी वाघोबाचा दगड आहे. वाघ, चंद्र, सूर्य कोरलेला, शेंदूर लावलेला. आमच्याकडे येता-जाता त्याच्यापुढे हिरवा पाला टाकतात. का, ते कुणी विचारत नाही.

"सर, जरा थांबवा, पाला टाकून येतो," किसन म्हणाला.

"कशाला? पेट्रोल टाकलंय ना!" म्हणत सर खो-खो हसले आणि गाडी दामटली. मीही हसलो. जरा जास्तच मोठ्यांदा.

वीस पावलांवर, वळण घेताच बग्गी बंद.

किसननं पेट्रोल बघितलं, प्लग काढून पुसला, बॅटरीच्या वायरी हलवल्या. ढिम्म. शेवटी किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली, दगडावर बसून बिडी पेटवली. "गाडीला काय नाय झालं. पाला नाय टाकला."

"मग टाक की बाबा तू!" मी हळूच म्हटलं.

"मी टाकून काय उपेग? हसलात तुमी दोघं."

ऊन मी म्हणत होतं. मोबाइलला रेंज नाही. चार वाजून गेले. इथेच अडकलो तर तारीख राहील, आणि पान टाकताना सरांनी बघितलं तर लग्नच राहील! तेवढ्यात सर "रेंज मिळते का बघतो" म्हणून वळणाआड गेले. मी संधी साधली. "किसन, मला जरा लागलीय," म्हणून झुडपांतून मागच्या बाजूनं सटकलो. वाटेत सागाचं एक पान तोडलं.

दगडापाशी पोचतो तर काय... सर! चप्पल काढून उकिडवे बसलेले. हातात सागाचं पान.

"तुम्ही?"

"मी लघवीला आलो होतो, सर."

"पान घेऊन?"

"तुम्ही रेंज बघायला..."

मग सर खाली बघत म्हणाले, "आमचं मूळ गाव इथलंच, साखरशेत हो. आजा मला खांद्यावर घेऊन याच वाटेनं बाजाराला जायचा. इथं खाली उतरवायचा, पान माझ्या हातनं टाकायला लावायचा." त्यांनी पानावरची धूळ पुसली. "आणि आज मी त्याच्या जागेवर हसलो... फार वाईट वाटलं, भाऊसाहेब."

मी शेजारी बसलो. त्यांनी पान ठेवलं, मी ठेवलं. पोरीचं लग्न होऊ दे रे बाबा, एवढंच मनात आलं.

आणि वळणापलीकडून आवाज आला — घर्रर्रर्र!

धावत गेलो. बग्गी जागच्या जागी थरथरत होती, सीटवर कुणी नाही. किसन लांब उभा, बिडी खाली पडलेली.

"तू सुरू केलीस?" मी ओरडलो.

त्यानं खिशातून किल्ली काढून दाखवली.

सरांनी घाम पुसला. "शॉर्ट सर्किट."

"हां, शॉर्ट सर्किटच," किसन म्हणाला, आणि खिंडीकडे बघून हात जोडले.

पाच वाजता बैठक बसली. सरांनी सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात विचारलं, "तुमच्या घरात अंधश्रद्धा वगैरे?"

"छे छे! आणि तुमच्याकडे?"

"नाव नको."

तारीख निघाली. लग्नही झालं, पोरगी सुखात आहे.

नंतर जव्हारच्या एका मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "वायर शॉर्ट झाली समजा. पण सेल्फ कोण मारणार, साहेब?" सरांशी यावर हळू आवाजात पुष्कळदा बोललोय.

बायकोला मात्र वेगळंच कोडं पडलंय. परवा दोन्ही घरं मिळून त्या खिंडीतून गेलो, तेव्हा तिनं विचारलंच — "अहो, इथं आलं की तुम्हा दोघा व्याह्यांना एकदमच कशी हो लागते?"